दिवाळी ते होळी: खान्देशात मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढताना

जून उजाडला की जळगाव, धुळे, नंदुरबारात वह्या वाटणाऱ्यांची रांग लागते. दप्तरं, कंपास पेट्या, मागे फ्लेक्स, पुढे फोटो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीला पुस्तकं सरकार फुकट देतं, गणवेश उशिरा का होईना येतो, आणि दुपारच्या आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. जूनमध्ये वर्ग भरलेलेच असतात. ते रिकामे होतात दिवाळीनंतर.

दसरा-दिवाळी झाली की गळीत हंगाम सुरू होतो. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याचे पाडे, शिरपूर-चोपड्याचा सातपुड्याचा पट्टा, चाळीसगावकडचे तांडे, इथून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी बारडोलीकडे, कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेत बांधकामावर. जे गाव सोडत नाहीत त्यांची पोरं कपाशी वेचायला जातात, कारण बोंड फुटलं की ते थांबत नाही आणि वेचणीला माणूस मिळत नाही. सातपुड्यातली माणसं परत येतात ती भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या) आणि होळीच्या ओढीने. म्हणजे शाळेच्या वर्षातले मधले चार-पाच महिने जातात, आणि नेमके तेच महिने वर्ग पुढे सरकण्याचे असतात. संस्था काढायचीच असेल तर ती या चार-पाच महिन्यांसाठी काढा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकी सगळं (नोंदणी, देणगी, शिकवणं) त्याभोवती बसवता येतं.

मूल आईबापाबरोबर का जातं, हे आधी नीट समजून घ्या. "शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणून" हे उत्तर शहरात बसून दिलेलं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांची जोडी एक समजतात. बाई फडात गेली की कोपीवरच्या (झोपडीवरच्या) तान्ह्या पोराला सांभाळणार कोण? नऊ-दहा वर्षांची बहीण. म्हणून आधी शाळा सुटते ती मुलीची. मुलाला मागे ठेवायचं म्हटलं तरी आजी असते, पण तिच्याकडून रोज दोन वेळची भाकरी निघेल याची खात्री नसते. म्हणजे प्रश्न दोन आहेत, तान्ह्या भावंडाचा आणि संध्याकाळच्या जेवणाचा. त्यांचं उत्तर तुमच्या योजनेत नसेल तर वर्ग कितीही छान चालवा, मूल ट्रकमध्ये बसणारच.

वेळेचंही तसंच आहे. मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती पावसाळ्यात, घरात पैसा नसतो तेव्हा. एकदा उचल घेतली की कोण जाणार, किती जाणार हे ठरून जातं. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पालकसभा घेऊन काहीच हाती लागत नाही. पालकांशी बोलायचं ते आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) सुरुवात करून पोळ्याच्या आत.

याच काळात गावाची यादी तयार करा. एका मुलाला एक ओळ: शाळेच्या हजेरीतलं नाव, आधारवरचं नाव (दोन्ही वेगळी असतात, वेगळीच लिहा), वय, इयत्ता, घरात बोलतात ती भाषा, गेल्या वर्षी कुटुंब कुठे गेलं, किती महिने, मुकादम कुठला, मागे घरात कोण राहतं, तान्हं भावंड आहे का. ही यादी अंगणवाडी ताई, आशाताई आणि शाळेतले गुरुजी यांच्याबरोबर बसून करा. अंगणवाडी ताईला पाड्यावरचं प्रत्येक पोर नावानिशी माहीत असतं. एकटेच घरोघरी वही घेऊन फिरलात तर लोक तुम्हाला कुठल्या तरी योजनेचे समजतात आणि घरातली माणसं वाढवून सांगतात. पहिल्या वर्षी दोन-तीन गावं पुरेत. वीस गावांचं पत्रक काढणाऱ्या संस्था दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत.

यादी हातात आली की सरकारी दारं ठोठावता येतात. हंगामी वसतिगृहाची तरतूद समग्र शिक्षा अभियानात आहे. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं आणि मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाचा प्रश्न त्यातून सुटू शकतो. प्रस्ताव मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या वाटेने वर जातो. तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेला नाही तर मंजुरी येईपर्यंत मुलं गेलेली असतात. इथे संस्थेने करायचं काम म्हणजे यादी जोडून प्रस्ताव वेळेत पुढे सरकवणं, आणि मंजुरीच्या आधीचे काही आठवडे रिकामे जाणार असतील तर तेवढ्या काळाचा शिधा लोकवर्गणीतून उभा करणं.

जी मुलं जाणारच आहेत त्यांना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळवून द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये आहे. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं विशेष प्रशिक्षण द्यायची तरतूद कलम ४ मध्ये आहे. या तीन कलमांची मराठी आणि गुजराती प्रत खिशात असू द्या. कुटुंब सुरतेला उधना-लिंबायत भागात जाणार असेल तर काम सोपं होतं, कारण तिथे खान्देशी वस्ती मोठी आहे आणि सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. ऊसाच्या फडावर मात्र टोळी दर काही दिवसांनी हलते. तिथे शाळेपेक्षा टोळीबरोबरच जाणारा, दहावी-बारावी झालेला तिथलाच एखादा मुलगा किंवा मुलगी मानधनावर नेमणं जास्त उपयोगी पडतं.

नोंदणीचं

पहिल्या हंगामाला नोंदणी लागतच नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने काम सुरू करता येतं. पण एक पथ्य पाळा: कोणाच्या खासगी गुगल पे नंबरवर जाहीर वर्गणी मागू नका. पैसा गोळा करायचा असेल तर आधी संस्था, मग पावती पुस्तक.

महाराष्ट्रात बहुतेक जण सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था नोंदवतात. किमान सात सभासद लागतात, आणि तीच संस्था पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. ट्रस्ट म्हणजे न्यास केला तर माणसं कमी चालतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनीही करता येते, पण तिचा दरवर्षीचा कागदोपत्री खर्च तीन गावांच्या संस्थेला परवडत नाही. सगळ्यांची ओळखपत्रं, संमतीपत्रं, कार्यालयाच्या जागेचं मालकाचं संमतीपत्र आणि त्याच पत्त्याचं वीजबिल, घटना व नियमावली, नावाचे दोन-तीन पर्याय एवढी तयारी असू द्या. सातांमध्ये नवरा, बायको, मेहुणा भरू नका. नोंदणी होते, पण पुढे आयकर खातं आणि मोठा देणगीदार दोघंही तिथेच बोट ठेवतात.

घटना कुणाची तरी उतरवून काढायची पद्धत आहे आणि त्यातूनच पुढचे घोळ होतात. उद्देशांत गोशाळेपासून क्रीडा संकुलापर्यंत सगळं असतं, आणि स्थलांतरित मुलांचा शब्दही नसतो. कार्यक्षेत्र 'जळगाव जिल्हा' किंवा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेलं असतं. तुमची पोरं चार महिने गुजरातेत असतील तर सुरतेत केलेल्या खर्चावर प्रश्न निघतो, म्हणून कार्यक्षेत्र 'संपूर्ण भारत' ठेवा. संस्था बंद झाली तर मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम हवंच. आणि आपल्याकडे समाजनिहाय संस्थांची परंपरा मोठी असली तरी लाभ एकाच जातीपुरता किंवा धर्मापुरता लिहिला की आयकराची सूट धोक्यात येते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना त्यातून वगळलेलं आहे, पण तसे शब्द घटनेत असावे लागतात.

नोंदणीनंतरचा नेहमीचा आजार म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडली, तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. लोक ठराव वहीत लिहितात आणि विसरतात. पाच वर्षांनी कागदावर तीच जुनी माणसं असतात, त्यातली दोन हयात नसतात, आणि बँक सही बदलून देत नाही. खान्देशात अशा किती संस्था कुलूप लावून पडल्यात ते कुठल्याही वकिलाला विचारा.

त्यानंतर पॅन, बँक खातं (तिघांपैकी दोघांच्या सह्या), आणि आयकरातली १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगीदाराला सूट) ची नोंदणी. पहिली नोंदणी तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. ती नियमित करायचा अर्ज काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मुदत संपायच्या सहा महिने आधी, जे आधी येईल तेव्हा करायचा. ही तारीख चुकली की सूट जाते आणि गेल्याचं कळतं ते नोटीस आल्यावर. आयकर अधिनियम २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा सीएशी बोलताना जुने आणि नवे दोन्ही विचारून घ्या. दोन हजारांवरची रोख देणगी ८०जी ला चालत नाही. देणगीदाराचा पॅन पावतीवरच लिहून घ्या, नाहीतर वर्षअखेरीला शंभर फोन करत बसावं लागतं. देणगीचं विवरण (१०बीडी) ३१ मेच्या आत भरायचं, उशिराला दिवसाला २०० रुपये दंड आहे.

अमेरिकेत गेलेली आपली पोरं गावासाठी पैसे पाठवायला उत्सुक असतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे चालतात. पण तिथलं नागरिकत्व घेतलं, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. मामेभाऊ असला तरी नाही.

एका केंद्राचा खर्च

केंद्र म्हणजे गावातच भरणारा वाचन-गणिताचा वर्ग: पंचवीस मुलं, शिकवणारी एक ताई, एक गाव. मानधन महिना ५,००० धरलं तर वर्षाचे ६०,०००. साहित्य ६,०००. देखरेख करणाऱ्याचं पेट्रोल महिना १,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे १५,०००. प्रशिक्षण ४,०००. लेखापरीक्षण आणि सीएची फी यांचा या केंद्राला येणारा वाटा १५,०००. बेरीज एक लाख, म्हणजे मुलामागे ४,०००. जागेचं भाडं यात नाही, कारण समाजमंदिर किंवा शाळेची खोली ठरावाने मिळते, आणि नाही मिळाली तर त्या गावाला हे काम अजून हवंसं झालेलं नाही असं समजून थांबावं. मानधन बाराही महिने द्या. दहा महिन्यांचं ठरवलं की ताई मे महिन्यात दुसरी नोकरी धरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षण.

ताई त्याच गावची, त्याच पाड्याची हवी. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसमोर पुस्तकी मराठी बोलणारा शहरी डी.एड. बसवला की पोरं गप्प होतात, आणि गुरुजी लिहितात 'मुलं लाजाळू आहेत'. अहिराणी गावात "तुनं नाव काय शे?" असं विचारणारी ताई पहिल्याच दिवशी वर्ग बोलता करते. पहिले दोन महिने घरच्या भाषेत बोलणं, मराठीत वाचणं, असं ठेवा.

गट इयत्तेप्रमाणे न पाडता पातळीप्रमाणे पाडा. 'असर' या शिक्षण पाहणीची वाचन चाचणी यासाठी उत्तम, दहा मिनिटांत होते. मुलाशेजारी जमिनीवर बसा, समोर नको. मागे आई किंवा गुरुजी उभे नकोत, नाहीतर मूल तुमच्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघतं. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या. अडखळत, शब्द सुटे-सुटे तोडत वाचलं किंवा तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द आले तर शब्द पातळी, नाहीतर अक्षरं. परिच्छेद वाचला तर गोष्ट द्या. आपल्याकडची मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती अक्षर आणि शब्द यांच्या मध्ये, काना-मात्रा-वेलांटीत. 'क' ओळखतात, 'की' आणि 'के' मध्ये गडबडतात. त्यावर रोज पंधरा मिनिटं बाराखडीचा तक्ता मोठ्याने, बोट ठेवून वाचणं याला पर्याय नाही. जोडाक्षरं नंतर. पाचवीचं मूल अक्षर पातळीवर निघालं तर त्याला दुसरीच्या मुलांबरोबर बसवा, पण गटाला 'ढ' वाटेल असं नाव देऊ नका. झाडांची, नद्यांची नावं द्या.

साहित्य फार लागत नाही. २५ पाट्या, अक्षरकार्डांचे पाच संच, शंभर मण्यांच्या सहा माळा (दहा-दहा मण्यांचे दोन रंग आळीपाळीने), आइस्क्रीमच्या हजार काड्या, साठ-ऐंशी पातळ गोष्टींची पुस्तकं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर बँडने बांधू नका, जळगावच्या मे महिन्यात रबर वितळून काड्यांना चिकटतं. जाड दोरा वापरा. हातच्याची वजाबाकी या गठ्ठ्यांवरच समजते. गठ्ठा सोडून दहा सुट्या केल्या की मुलाला 'हातचा' म्हणजे काय ते हाताने कळतं, फळ्यावर नाही.

वेळ गावावर सोडा. कपाशीच्या गावात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात चालतं, वीज जाते म्हणून एक सौर दिवा ठेवा. धडगावकडच्या पाड्यांत घरं टेकड्यांवर विखुरलेली असतात. तिथे अंधारात मुलांना चालवत आणणं धोक्याचं, सकाळचाच वर्ग हवा, आणि एका गावाला एक केंद्र न ठेवता पाड्याला एक ठेवावं लागतं.

हे सगळं 'वर्ग' किंवा 'केंद्र' म्हणूनच चालवा, पाटीवर 'शाळा' लिहू नका. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. तसंच मुलं रात्री ठेवून घेण्याचा मोह टाळा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजींनी मुलांसाठी जे केलं त्याचा दाखला प्रत्येक उद्घाटनात दिला जातो, पण आज काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची तर बाल न्याय अधिनियम २०१५ खाली संस्थेची वेगळी नोंदणी लागते. त्यासाठी लागणारी माणसं, पहारा, स्वयंपाक, आरोग्य हे नव्या संस्थेच्या आवाक्यातलं नाही. प्रत्येक ताई आणि कार्यकर्त्याकडून बाल संरक्षणाच्या नियमांवर सही घ्या. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कोणी थांबणार नाही, मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही जाणार नाहीत. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'गावात मिटवू' म्हणणाऱ्या पुढाऱ्याचं ऐकलंत तर गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

सातवी-आठवीच्या मुलांना वर्गापेक्षा कागदं जास्त अडवतात. आठवीतल्या मुलाने एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षा दिली आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के) हवेत, शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. सरकारी निवासी शाळेतल्या मुलांना ती नाही. बुद्धिमत्ता चाचणीचे ९० आणि विषयांचे ९० प्रश्न असतात, तयारी जूनपासूनच लागते. निवड होऊनही पैसे न येण्याची कारणं ठरलेली: शाळेतलं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, खातं आधारशी जोडलेलं नाही, व्यवहार नाही म्हणून खातं बंद पडलंय, पंधराव्या वर्षीचे बोटांचे ठसे आणि डोळे अद्ययावत केलेले नाहीत. वर पहिल्या यादीत दोन नावं वेगळी लिहायला सांगितलं ते यासाठी.

जातीच्या दाखल्याचं काम त्याहून लांबतं. अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा उतारा कुठून आणणार? अशा वेळी तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूची जुनी नोंद सापडते. मोडी लिपीत असली तर वाचणारा शोधावा लागतो. हे काम मूल नववीत असतानाच हातात घ्या. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहून ते होत नाही. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत. तुमचं गाव कोणत्या प्रकल्पात येतं ते पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.

होळीला पोरं परत आली की त्यांना थेट वर्गात ढकलू नका. आठ दिवसांत पुन्हा तीच वाचन चाचणी घ्या, आधीच्या नोंदीशेजारी लिहा. एक महिन्याहून जास्त सलग गैरहजर म्हणून नाव शाळाबाह्य यादीत गेलं असेल तर मुख्याध्यापकांकडून ते परत हजेरीवर आणा, फडावर किंवा सुरतेत ज्या शाळेत बसलं असेल तिथली हजेरी आणलेली असेल तर ती जोडा. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते साडेआठ असा चाळीस दिवसांचा वाचन-गणित वर्ग घ्या. नऊनंतर पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. माठ भरून ठेवायची जबाबदारी ताईवर टाकू नका, ती मोठ्या मुलांच्या पाळीवर टाका. आणि शाळा उघडायच्या आधल्या आठवड्यात प्रत्येक मुलाची पातळी लिहिलेला एक कागद वर्गशिक्षकांच्या हातात द्या. तो मिळाला नाही तर पाचवीचं मूल पुन्हा पाचवीच्या पुस्तकासमोर बसतं, आणि तुमचे चाळीस दिवस वाया जातात.